बेडकाच्या पोटातली साक्ष

कॉलेजच्या प्रयोगशाळेत मेणाच्या ट्रेमध्ये उताणा टाचलेला बेडूक माझ्या पिढीतल्या विज्ञान शाखेच्या बहुतेकांनी पाहिला असेल. आधी कातडी, मग स्नायूंचा थर, मग आत अजून धडधडणारं हृदय. त्या दिवशीच्या प्रात्यक्षिकात आम्हाला धमन्या मोकळ्या करून दाखवायच्या होत्या. माझ्या हातून एक फुप्फुस जरा फाटलं आणि त्यातून ज्वारीच्या दाण्याएवढं, काळपट लाल, चपटं काहीतरी बाहेर आलं. ते सावकाश आखडलं, पुन्हा पसरलं. मी सरांना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं, "जंत आहे. काढून टाक, धमनी स्वच्छ दिसली पाहिजे," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. मी चिमट्याने तो जीव उचलला, बेसिनमध्ये टाकला आणि नळ सोडला.

पुढे कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की आम्ही ज्याला चिरत होतो त्याच मोठ्या भारतीय बेडकातून मेहरा आणि नेगी या दोन भारतीय प्राणिशास्त्रज्ञांनी 1926 साली 'ट्रेमिओर्किस रॅनॅरम' आणि 1928 साली 'गॅनिओ टायग्रिनम' असे दोन चपटे कृमी शोधून, त्यांची चित्रं काढून, नावं देऊन ठेवली होती. आमच्या प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी कोणीतरी त्याच पोटात डोकावलं होतं आणि जे दिसलं ते फेकून न देता काचेवर घेतलं होतं. त्यानंतर देशभरातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं बेडूक उघडले गेले. पाहणारे डोळे होते, चिमटे होते, सूक्ष्मदर्शक होते. पण जंत परीक्षेला नव्हते.

मला एकच गोष्ट मांडायची आहे. बेडूक, साप, कासव यांच्या शरीरात राहणारे चपटे कृमी हा त्या प्राण्यांच्या निसर्गातल्या आयुष्याचाच भाग आहे. ते मोजल्याशिवाय एखाद्या तळ्याची किंवा घाटमाथ्यावरच्या पाणथळीची प्रकृती आपल्याला कळली, असं म्हणता येत नाही. वन्यजीव वाचवण्याची आपली कल्पना प्राण्याच्या कातडीपाशी येऊन थांबते. ती आत शिरायला हवी.

बेडकाच्या फुप्फुसातला पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा कृमी, तिथवर कसा पोचतो ते आधी पाहू. त्याची अंडी फुप्फुसातून घशात येतात, गिळली जातात आणि विष्ठेबरोबर पाण्यात पडतात. तिथे ती पाणगोगलगायीच्या खाण्यात गेली तरच पुढची वाट उघडते. गोगलगायीच्या आत एका अळीच्या अनेक अळ्या होतात, नर-मादीच्या मीलनाशिवाय, आणि त्या शेपटी हलवत पाण्यात बाहेर पडतात. त्यांना आता चतुराचं पिल्लू हवं असतं. चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं आणि श्वासासाठी गुदद्वारातून पाणी आत ओढतं. त्या ओढीबरोबर अळी आत जाते आणि कोषात गुरफटून बसते. पिल्लाचा चतुर होतो, त्याला पंख फुटतात, तो काठावरच्या गवतावर येतो आणि बेडकाची जीभ त्याला टिपते. बेडकाच्या पोटात कोष फुटतो आणि कोवळा कृमी घशाच्या वाटेने पुन्हा फुप्फुसात चढतो. 'हॅलिपेगस' नावाच्या त्याच्या एका नातलगाची वाट याहून लांब आहे. गोगलगाय, मग कवचधारी सूक्ष्म जलचर, मग चतुर, मग बेडूक, असे चार मुक्काम तो करतो. उत्तर अमेरिकेतल्या हिरव्या बेडकाचं तोंड उघडून जीभ उचलली की खाली हा कृमी चिकटलेला सापडतो. सापांच्या तोंडात आणि फुप्फुसात राहणारे कित्येक कृमी असेच गोगलगायीतून बेडूकमाशात आणि बेडूकमाशातून सापात जातात.

पक्षीनिरीक्षक तळ्यावर बगळा पाहतो आणि वहीत नोंद करतो. तो बगळा कदाचित तासाभरासाठी उतरलेला असेल. बेडकाच्या फुप्फुसातल्या कृमीची नोंद अशी वरवरची नसते. तो तिथे आहे याचा अर्थ त्या पाण्यात गोगलगाय जगली, चतुराने तिथे अंडी घातली, पिल्लू मोठं झालं, बेडकाने त्याला खाल्लं, आणि हे सगळं योग्य क्रमाने झालं. एकही दुवा निखळला असता तर तो कृमी तिथे नसता. एवढी भरवशाची साक्ष कुठल्याही गणनेत मिळत नाही.

आपल्या भाषेत 'बांडगूळ' ही शिवी आहे. दुसऱ्याच्या जिवावर आयतं जगणारा, असा तिचा अर्थ. परजीवींकडे पाहताना हाच अर्थ डोक्यात असतो. तो किती चुकीचा आहे हे पाहायचं असेल तर ॲरिझोनाच्या वाळवंटात जावं लागेल.

तिथे काउचचा फावडेपायी भेक राहतो. वर्षाचे दहा-अकरा महिने तो जमिनीखाली पुरून घेतो. अमेरिकेच्या नैऋत्येलाही जुलैच्या सुमारास वादळी पाऊस येतो आणि तिथले लोकही त्याला मान्सूनच म्हणतात. पहिला जोराचा पाऊस पडला की हे भेक वर येतात, साचलेल्या डबक्यात एखाद-दोन रात्री मीलन करतात, मग रानात किडे खात फिरतात आणि पुन्हा जमिनीत जातात. या भेकाच्या मूत्राशयात 'सुडोडिप्लॉर्किस अमेरिकॅनस' हा चपटा कृमी राहतो आणि रक्त पितो. त्याच्या अळीला एका यजमानाकडून दुसऱ्याकडे जायला पाणी लागतं. आणि यजमान वर्षातून फक्त काही तास पाण्यात असतो.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड टिन्सली यांनी हे कोडं अनेक वर्षं अभ्यासलं. कृमी वर्षभर आपली पिल्लं पोटात वाढवून तयार ठेवतो. यजमान पाण्यात उतरून मीलनाला लागला की ती मूत्राबरोबर सोडून देतो. अळ्या पोहत दुसऱ्या भेकाकडे जातात आणि त्याच्या नाकपुडीतून आत शिरतात. काही आठवडे फुप्फुसात वाढतात. मग पोटातलं आम्ल आणि आतड्यातले पाचकरस पार करून मूत्राशयापर्यंत पोचतात. त्या आम्लातून जाताना कातडी वाचावी म्हणून हे कोवळे कृमी त्वचेतून संरक्षक थर बाहेर सोडतात. इतकं सगळं करूनही यजमानाच्या लांब झोपेत बहुतेक कृमी मरतात, कारण भेकाचं शरीर त्यांना बाहेर काढत असतं. वर्षातल्या काही तासांवर पिढीचं भवितव्य बेतणारा असा दुसरा जीव मला माहीत नाही. याला आयतं जगणं कसं म्हणायचं?

या कृमींच्या कुळाला पॉलिस्टोम म्हणतात. कुळाचा इतिहास तर आणखी विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियाच्या फुप्फुसमाशाच्या अंगावर त्यातला एक आहे, बेडकांच्या मूत्राशयात कितीतरी आहेत, कासवांच्या मूत्राशयात, तोंडात आणि पापणीखालीही आहेत, आणि आफ्रिकेतल्या पाणघोड्याच्या डोळ्यातही एक आहे. मासे पाण्यातून जमिनीकडे निघाले त्या प्राचीन काळापासून हे कूळ कणाधारी प्राण्यांबरोबर चालत आलं आहे, असं त्यांच्या जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात. भारतातही मेघालयातल्या मोठ्या झाडबेडकातून डियंगडोह आणि टंडन यांनी 1991 साली 'पॉलिस्टोमा इंडिकम' नोंदवला. सह्याद्रीत गेल्या दोन-अडीच दशकांत बेडकांच्या डझनावारी नव्या प्रजाती नोंदल्या गेल्या. कातडीचे रंग, बोटांमधली जाळी, आवाजाची कंपनं, डीएनए हे सगळं त्या वर्णनात असतं, आणि ते असायलाच हवं. त्या बेडकाच्या मूत्राशयात कोण राहतं हे मात्र क्वचितच पाहिलं जातं. आंबोलीच्या पठारापलीकडे कुठेही न सापडणाऱ्या भेकाबरोबर त्याचाच एखादा कृमी असेल, तर तोही जगात दुसरीकडे कुठेच नसणार.

आता दुसरी बाजू. ती मी टाळणार नाही, कारण या विषयातली सगळ्यात मोठी बातमी तिथलीच आहे.

1995 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका शाळेची मुलं एका शेततळ्यावर गेली होती. पकडलेल्या बेडकांपैकी किती तरी बेडकांचे पाय वेडेवाकडे होते. काहींना पाय कमी, काहींना जास्त. बातमी देशभर पसरली. कीटकनाशकं, अतिनील किरणं, पाण्यातलं विष, असे संशयित पुढे आले. लोक हादरले, कारण बेडकाला जे होतं ते उद्या आपल्या मुलांना होईल, ही भीती त्यामागे होती.

त्याआधी पाच वर्षं, 1990 मध्ये, स्टॅन्ली सेशन्स आणि स्टीफन रूथ यांनी कॅलिफोर्नियातल्या जादा पायांच्या बेडकांवर आणि सॅलॅमँडरवर एक निबंध लिहिला होता. त्या प्राण्यांच्या पायांच्या मुळाशी त्यांना कृमींचे कोष दिसले होते. मग त्यांनी बेडूकमाशांच्या पायाच्या कोंबात राळेचे बारीक मणी ठेवून पाहिले, आणि नुसत्या मण्यांच्या अडथळ्यानेही पाय बिघडू लागले. 1999 मध्ये पीटर जॉन्सन आणि सहकारी पुढची पायरी चढले. जॉन्सन यांनी हे काम पदवीचे विद्यार्थी असताना सुरू केलं होतं. त्यांनी झाडबेडकाच्या बेडूकमाशांना 'रिबेरॉइया' या कृमीच्या अळ्यांच्या सान्निध्यात ठेवलं. अळ्या जितक्या जास्त, तितकी पायांची विकृती जास्त आणि जगणारे बेडूकमासे कमी. पायाच्या कोंबाजवळ कोष बसतो, वाढणाऱ्या पेशी विस्कटतात आणि एका जागी तीन पाय फुटतात. असा लंगडा बेडूक बगळ्याला सहज सापडतो, आणि रिबेरॉइयाला पोचायचं असतं ते बगळ्याच्याच पोटात.

इथे थांबलं तर गोष्ट सोपी होते: कृमी दोषी, रसायनं निर्दोष. पण हा कृमी नवा नव्हता. 1931 मध्ये मस्करॅट या पाणउंदरासारख्या प्राण्यातून त्याचं वर्णन झालं होतं. तो पूर्वीपासून तिथेच होता. मग नव्वदच्या दशकातच इतके विकृत बेडूक का दिसावेत? जॉन्सन यांच्या गटाने 2007 मध्ये कृत्रिम तळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की पाण्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस वाढले की शेवाळ वाढतं, शेवाळावर गोगलगायी वाढतात, आणि प्रत्येक गोगलगाय जास्त अळ्या सोडते. शेतातलं खत आणि गुरांचं शेण वाहून तळ्यात आलं की हेच होतं. 2008 मध्ये जेसन रोर यांच्या गटाने मिनेसोटातल्याच पाणथळ जागांवर पाहिलं की बेडकांतल्या कृमींची संख्या ॲट्राझिन हे तणनाशक आणि फॉस्फेट या दोन गोष्टींशी सगळ्यात जास्त जुळते. ॲट्राझिन गोगलगायींचं अन्न वाढवतं आणि बेडकाची प्रतिकारशक्ती कमी करतं. पाय कमी असलेल्या बेडकांची गोष्ट आणखी वेगळी निघाली. 2009 मध्ये बॅलेंजी आणि सेशन्स यांनी दाखवलं की कित्येकदा चतुराची पिल्लं बेडूकमाशांचे कोवळे पाय कुरतडतात. तीन पायांचं आणि एका पायाचं कारण एकच नव्हतं.

या सुमारे दोन दशकांच्या संशोधनातून मला जे दिसतं ते असं. कृमी आणि प्रदूषण हे दोन वेगळे संशयित नव्हतेच. एकाच्या हातून दुसऱ्याने काम करून घेतलं. ज्यांनी फक्त पाण्यातली रसायनं मोजली त्यांना अर्धं दिसलं, ज्यांनी फक्त कोष मोजले त्यांनाही अर्धंच. आपल्याकडे उसाच्या आणि मक्याच्या फडात ॲट्राझिन वर्षानुवर्षं फवारलं जातं. खताचं पाणी ओढ्यांत उतरतं. तलाव जलपर्णीने झाकले जातात. साखर पट्ट्यातल्या एखाद्या पाझर तलावातल्या बेडकांच्या पायाच्या मुळाशी काय आहे, हा प्रश्न निदान विचारला जायला हवा. तो विचारायला महागडी यंत्रं लागत नाहीत.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. हे कृमी वाचवण्याची भाषा करणारा माणूस रोगाची बाजू घेत नाही ना? कोकणातल्या माणसाला तर हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. 1952 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात गाडगीळ आणि शहा यांनी माणसांच्या लघवीतून रक्त पाडणाऱ्या शिस्टोसोमाची लागण नोंदवली. आफ्रिकेत लाखोंना छळणारा हा चपटा कृमी तिथे 'फेरिसिया' नावाच्या एवढ्याशा गोगलगायीतून पसरत होता. मेंढपाळांना यकृतातल्या चपट्या जंतांनी कोकरं मरताना पाहावी लागतात. बेडकात आणि सापात राहणारा 'स्पायरोमेट्रा' हा पट्टकृमी बेडकाचं कच्चं मांस डोळ्यावर बांधण्याच्या चीन-व्हिएतनाममधल्या उपचारातून माणसाच्या डोळ्यात गेलेला आहे.

या दुखण्यांपासून माणसाची आणि जनावरांची सुटका झालीच पाहिजे, आणि त्यात मला कसलाही संकोच नाही. नारूचं उच्चाटन हे या देशातल्या आरोग्यसेवेचं अभिमानाने सांगावं असं काम आहे. नारू हा गोल कृमी, पण त्याची वाट पाण्यातल्या सायक्लॉप्स या सूक्ष्म जलचरामधूनच जायची, जशी स्पायरोमेट्राची जाते. ती वाट कळली म्हणून पायविहिरींऐवजी हातपंप बसवले गेले, पाणी फडक्यातून गाळून पिण्याची सवय लावली गेली. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेतल्या चाडमध्ये मात्र तो कुत्र्यांमध्ये टिकून राहिला. तिथे बेडकांतही त्याच्या अळ्या सापडल्या, म्हणजे नारूविरुद्धच्या लढाईच्या शेवटच्या टप्प्यातही कोणाला तरी बेडूक उघडून पाहावा लागला. गिमवीचा छडा लागला तोही कोणीतरी लघवीचा थेंब काचेखाली ठेवला म्हणून. रोग संपवायलाही आत डोकावणंच उपयोगी पडतं. आणि माणसाला छळणारे चपटे कृमी मोजकेच आहेत. बेडकाच्या जिभेखालच्या हॅलिपेगसने आपलं काहीही बिघडवलेलं नाही.

रोगापासून वाचायचं असेल तर तळं निर्जंतुक करावं, ही कल्पनाही चुकीची ठरली आहे. 2013 मध्ये जॉन्सन यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या 345 पाणथळ जागांची पाहणी प्रसिद्ध केली. जिथे बेडूक-सॅलॅमँडरच्या प्रजाती जास्त होत्या तिथे रिबेरॉइयाचा प्रसार सुमारे 78 टक्क्यांनी कमी होता. कारण सरळ आहे. बिघडलेल्या तळ्यात जी एकदोन जातींची बेडकं टिकतात तीच या कृमीला सगळ्यात सोपी पडतात. समृद्ध तळ्यात अळ्या अशा प्राण्यांत जाऊन फुकट जातात ज्यांच्यात त्यांचा निभाव लागत नाही. म्हणजे कृमींच्या जाती भरपूर आणि रोग कमी, असं एकाच तळ्यात असू शकतं. आपण प्रजाती कमी करतो, तेव्हा एका कृमीला मोकळं रान देतो.

हे कृमी म्हणजे निसर्गाच्या जमाखर्चातली किरकोळ रक्कम आहे, असंही कोणी समजू नये. कॅलिफोर्निया आणि बाहा कॅलिफोर्नियातल्या तीन खाड्यांत आर्मंड कुरिस आणि सहकाऱ्यांनी परजीवींचं वजन काढलं. 2008 मध्ये छापलेला निष्कर्ष असा की एका वर्षात पाण्यात सोडल्या जाणाऱ्या पर्णकृमींच्या अळ्यांचं वजन तिथल्या पक्ष्यांच्या एकूण वजनापेक्षा जास्त भरतं. त्या अळ्यांतल्या कितीतरी मासे आणि जलकीटक खाऊन टाकतात. म्हणजे जिला आपण रोगराई म्हणतो तीच कोणाची तरी न्याहारी असते.

आणि हे जीव नाहीसे होऊ शकतात. अमेरिकेतल्या प्युजेट साउंडमधल्या माशांचे 1880 पासूनचे जतन केलेले नमुने चेल्सी वुड यांच्या गटाने बरण्यांतून काढून उघडले. तीन किंवा जास्त यजमान लागणारे कृमी दर दशकाला सुमारे 11 टक्क्यांनी घटत गेले होते. ज्यांची साखळी लांब, ते आधी तुटतात. कॅलिफोर्नियाचं कॉन्डोर गिधाड वाचवताना उरलेले पक्षी पिंजऱ्यात आणले, त्यांच्या अंगावरच्या उवा मारल्या, आणि फक्त त्याच पक्ष्यावर राहणारी उवेची एक प्रजाती कायमची गेली. आसाममधल्या बुटक्या रानडुकराच्या अंगावरची ऊ आज जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून आहे. उवेला मिळालेलं हे स्थान आपल्या एखाद्या कासवाच्या मूत्राशयातल्या कृमीला कधी मिळेल, हे सांगता येत नाही, कारण तो कोणता हे ठरवायला आधी कोणीतरी पाहायला हवं. तेवढ्यात मत्स्यालयांच्या दुकानांतून विकली जाणारी लाल कानाची अमेरिकी कासवं कंटाळलेल्या मालकांच्या हातून आपल्या तलावांत आणि विहिरींत सोडली जात आहेत. युरोपात अशाच सोडलेल्या कासवांकडून अमेरिकी पॉलिस्टोम स्थानिक कासवांत गेल्याचं आढळलं आहे.

यासाठी एकही बेडूक मारू नये. प्रयोगशाळेतलं ते जुनं विच्छेदन बंद झालं हे योग्यच झालं, आणि मला ते परत नको आहे. पण पावसाळ्यात आंबोलीच्या, ताम्हिणीच्या रस्त्यांवर रोज सकाळी गाड्यांखाली मेलेले बेडूक, साप, सरडे पडलेले असतात. हौशी निसर्गमित्रांचे गट त्यांची छायाचित्रं काढतात, जात ओळखतात, जागा नोंदवतात. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन हेच मेलेले प्राणी जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात का जाऊ नयेत? मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत पट्टकृमींच्या वर्गीकरणाची जुनी परंपरा आहे. तिथे रंगवलेल्या कृमींच्या काचा कपाटं भरून आहेत, त्या रंगवणारे हात अजून आहेत. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात आणि पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षणाच्या केंद्रात जुन्या बरण्या आहेत. प्युजेट साउंडच्या माशांना जो प्रश्न विचारला गेला तो त्या बरण्यांतल्या बेडकांना आणि पाणसापांनाही विचारता येईल.

मी अलीकडे पावसाळ्यात घाटात जातो तेव्हा अशा एका गटाबरोबर पहाटे रस्त्याच्या कडेने चालतो. त्यांच्या नोंदीच्या तक्त्यात जात, लांबी, ठिकाण, वेळ असे रकाने आहेत. मी त्यांना एक रकाना वाढवायला सांगितलं आहे. गटातल्या एका मुलीने विचारलं, "काका, त्यात लिहायचं काय?" मी म्हटलं, उघडून पाहता आलं तर जे दिसेल ते, आणि उघडता आलं नाही तर 'पाहिलं नाही' एवढं तरी लिही. गेल्या पावसाळ्याचे तक्ते माझ्यापाशी आहेत. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत तिच्या अक्षरात 'पाहिलं नाही' लिहिलेलं आहे.